‘गुन्हा आणि शिक्षा’ संगणकाच्या मदतीनं शिकवताना: मजकूर, मोजणी, नकाशे आणि कुठे फसायला होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: तौलनिक साहित्याच्या एम.ए.च्या वर्गाला दस्तयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ शिकवायची आहे. विद्यार्थी ती इंग्रजी किंवा मराठी अनुवादात वाचतात, रशियन लिपी दोघातिघांनाच येते, संगणककक्षात साधे विंडोजचे संगणक आहेत. डिजिटल साधनं वापरायची तर कोणती, कोणत्या क्रमानं, आणि त्यात काय बिघडतं?

साधनांची ओळख करून देण्यात सत्र घालवू नका. एका कादंबरीतला एक शब्द नीट मोजायला लावा. मजकूर कुठून आला, शब्द म्हणून नेमकं काय मोजायचं आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे तिन्ही प्रश्न मग विद्यार्थी स्वतःच विचारू लागतात. आणि एक नियम पहिल्याच तासाला घालून द्यावा: प्रत्येक आकड्यानंतर त्यामागचे किमान दहा उतारे उघडून वाचायचे. हा नियम ढिला पडला की भिंतीवर रंगीत आलेख लागतात आणि कादंबरी वाचायची राहून जाते.

सुरुवात मजकुरापासून. रशियन अभिजात साहित्य जालावर मुबलक आहे, पण सगळं एका दर्जाचं नाही. माक्सिम मोश्कोव्ह यांचं १९९४ पासून चालत आलेलं ग्रंथालय व्यापक आहे, मात्र तिथल्या अनेक फायली कुठल्या आवृत्तीवरून घेतल्या ते नीट तपासावं लागतं. ‘फेब’ हे रशियन साहित्य आणि लोकसाहित्याचं इलेक्ट्रॉनिक ग्रंथालय छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांक जपतं, त्यामुळे संदर्भ देण्यासाठी ते जास्त भरवशाचं. टॉलस्टॉयच्या बाबतीत चैनच आहे: १९२८ ते १९५८ या काळात निघालेले त्याच्या समग्र साहित्याचे ९० खंड २०१३ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी मुद्रितशोधन करून डिजिटल केले आणि ते मोफत उतरवून घेता येतात. दस्तयेव्हस्कीसाठी प्रमाण मानली जाते ती १९७२ ते १९९० दरम्यानची ३० खंडांची आवृत्ती. ‘गुन्हा आणि शिक्षा’ तिच्या सहाव्या खंडात आहे. जालावरचा कुठलाही मजकूर घेतला तरी त्यातली पाच-सहा पानं या खंडाशी ताडून पाहावीत. १९१८ च्या लेखनसुधारणेआधीची वर्णव्यवस्था असलेला मजकूर घेऊ नका. शब्दांच्या शेवटचं कठोर चिन्ह आणि रद्द झालेलं ‘यात’ हे अक्षर यांमुळे आजची सगळी साधनं त्यावर अडखळतात. इंग्रजीसाठी कॉन्स्टन्स गार्नेट यांचा १९१४ चा अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहे.

फाइल उतरवली की साफसफाई, आणि निम्म्या चुका इथेच होतात. जुन्या फायली बहुधा विंडोज-१२५१ किंवा कोई-८ या संकेतनात, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या जुन्या पद्धतीत असतात. उघडल्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं किंवा टोपीवाली युरोपीय अक्षरं दिसली तर फाइल खराब नसते, संकेतन चुकीचं वाचलं गेलेलं असतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एन्कोडिंगच्या (संकेतनाच्या) यादीतून आधी सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी, आणि तीत विंडोज-१२५१ निवडावं, मजकूर नीट दिसला की ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ करून जतन करावा. इथे घाईत ‘कन्व्हर्ट’ऐवजी नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडलं तर अक्षरं पुन्हा विस्कटतात.

त्यानंतर चार गोष्टी शोधून काढायच्या. पहिली, ‘यो’ हे दोन टिंबांचं अक्षर. रशियन छपाईत ते बहुतेकदा साध्या ‘ये’नं लिहितात, पण काही आवृत्त्या टिंबं देतात. कामाच्या प्रतीत सगळीकडे ‘यो’चं ‘ये’ करून टाकावं, आणि शोधतानाही तसंच लिहावं. मूळ प्रत मात्र जशीच्या तशी बाजूला ठेवावी, कारण या बदलानं काही शब्द एकमेकांत मिसळतात. दुसरी, परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या मजकुरात स्वरांवर आघाताची खूण असते. ती वेगळं चिन्ह म्हणून साठवलेली असते आणि डोळ्यांना तोच दिसणारा शब्द शोधात सापडत नाही. तिसरी, पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात आखूड ‘इ’चं अक्षर कधी कधी दोन तुकड्यांत फुटलेलं असतं. चौथी आणि सगळ्यांत छुपी: स्कॅन करून वाचून घेतलेल्या मजकुरात सिरिलिक ‘अ’, ‘ओ’, ‘ये’, ‘एस’, ‘एर’ यांच्या जागी हुबेहूब तशीच रोमन अक्षरं बसलेली असतात. सगळी रोमन अक्षरं शोधून एकेक पाहिली की ती उघडी पडतात. पात्रांच्या तोंडची खरी परदेशी वाक्यं तेवढी सोडायची.

मग कादंबरीचे तुकडे करा. सहा भागांत अनुक्रमे ७, ७, ६, ६, ५ आणि ८ प्रकरणं आणि उपसंहारात २, म्हणजे एकूण ४१ फायली. नावं ‘१-०१’, ‘१-०२’ अशी द्यावीत, उपसंहाराला ‘७-०१’, ‘७-०२’. हा साचा मोडला की काही साधनं फायलींचा क्रम उलटासुलटा लावतात आणि ‘कथानकात शब्द कसा वाढत जातो’ हा आलेख निरर्थक होतो. इंग्रजीच्याही ४१ फायली करा. हे सारं काम वर्गाआधी शिक्षकानं किंवा रशियन येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी उरकावं. पूर्ण वर्गाला त्यात गुंतवण्यात अर्थ नाही.

पहिला शब्द म्हणून ‘व्द्रुग’ घ्यावा, म्हणजे ‘एकाएकी’. निवडीचं कारण तांत्रिकही आहे आणि वाङ्मयीनही. हे अव्यय आहे, त्याची रूपं बदलत नाहीत, त्यामुळे रशियनसारख्या विभक्तिबहुल भाषेतही साध्या शोधानं ते पूर्ण सापडतं. आणि दस्तयेव्हस्कीच्या गद्याचा तो कणा आहे. व्लादिमिर तोपोरोव्ह या रशियन अभ्यासकानं १९७० च्या दशकातच नोंदवलं होतं की या कादंबरीत तो सुमारे ५६० वेळा येतो. वर्गाला आधी हा आकडा सांगू नका, मोजू द्या.

साधन म्हणून अँटकाँक पुरेसं आहे. लॉरेन्स अँथनी यांनी बनवलेला हा मोफत प्रोग्रॅम आहे आणि जाल नसतानाही चालतो. ४१ फायलींचा संग्रह बनवायचा, संकेतन यूटीएफ-८ ठेवायचं, शब्द टाकायचा. एका खिडकीत प्रत्येक आढळ त्याच्या मागच्या-पुढच्या शब्दांसह ओळीत दिसतो, दुसरीत प्रत्येक प्रकरणासाठी एक पट्टी येते आणि तीवर आढळांच्या जागी उभ्या रेघा असतात. रशियन न येणारा विद्यार्थीही ही पट्टी वाचू शकतो. कुठे रेघांची गर्दी, कुठे ओसाड, ते पाहायचं, गर्दीच्या जागेचं प्रकरण आणि परिच्छेद टिपायचा आणि अनुवादात तिथे काय घडतं ते वाचायचं. पहिल्या भागाचं सातवं प्रकरण, म्हणजे खुनाचं, आणि सहाव्या भागातली, नायकाच्या बहिणीमागे लागलेल्या स्विद्रिगायलॉव्हची प्रकरणं शेजारी ठेवून बघायला लावा.

इथे तीन गोष्टी चुकतात. प्रकरणं लहानमोठी असतात, म्हणून नुसते आढळ मोजून तुलना करू नये, दर हजार शब्दांमागे किती ते काढावं. रशियन मूळ साधारण पावणेदोन लाख शब्दांचं आहे, म्हणजे ५६० हे प्रमाण हजारी तीनपेक्षा थोडं जास्त पडतं. पण इंग्रजीशी तुलना करताना हाच हजारी हिशेब फसवतो. इंग्रजीत उपपदं असतात, रशियनमध्ये नसतात, त्यामुळे त्याच मजकुराचे इंग्रजी शब्द बरेच जास्त भरतात आणि प्रमाण आपोआप खाली येतं. तिथे एकाच प्रकरणातले सरळ आकडे समोरासमोर ठेवावेत. तिसरी चूक अर्थाची आहे. हाच शब्द ‘न जाणो, तसं झालं तर?’ या अर्थानंही येतो. असे आढळ हातानं वेगळे करायचे. विद्यार्थ्यांनी दोन रंगांत खुणा करून यादी जोडली तर त्यांनी आढळ खरंच वाचले हेही कळतं.

अनुवादाशी तुलना सगळ्यांत फलदायी ठरते आणि तिला भारी साधन लागत नाही. एक प्रकरण घ्यावं. स्प्रेडशीटमध्ये चार स्तंभ: परिच्छेदाचा क्रमांक, रशियन, इंग्रजी, मराठी. मराठी अनुवाद छापील असेल तर पानं ३०० डीपीआयवर स्कॅन करून टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला मराठीचं मॉडेल देऊन मजकूर काढता येतो. जोडाक्षरांत आणि रफारांत चुका राहतात, पण एका प्रकरणाचं मुद्रितशोधन हातानं होण्यासारखं आहे. स्तंभ आपोआप जुळवणारी साधनं आहेत, एलएफ अलाइनर त्यातलं सोपं, मात्र संवादांत ती घसरतात. रशियनमध्ये संवाद डॅशनं सुरू होतो, इंग्रजीत अवतरणचिन्हानं, आणि अनुवादक छोटे परिच्छेद बिनदिक्कत जोडतात. म्हणून परिच्छेद पातळीवरच थांबावं, वाक्यापर्यंत जाऊ नये. मराठी स्तंभात ‘एकदम’, ‘एकाएकी’, ‘अचानक’, ‘अवचित’ हे सगळे एकत्र मोजावे लागतील. मराठीत शब्द गळलेला दिसला की लगेच अनुवादकाला दोष देऊ नका. मराठी अनुवाद इंग्रजीवरून झाला असेल तर तो आधी इंग्रजीत गळला का ते पाहा. अनुवादकाचा स्वामित्व हक्क मूळ लेखकापेक्षा वेगळा असतो, तेव्हा हा तक्ता वर्गापुरता ठेवावा, जालावर टाकू नये.

दुसरा शब्द ‘पिवळा’. हा मुद्दाम अवघड आहे. खून होतो त्या सावकारीण अल्योना इवानोव्हनाच्या खोलीचा भिंतकागद पिवळा, खून करणारा नायक रास्कोल्निकोव्ह याच्या खोलीचाही, सोन्या या तरुणीच्या खोलीचाही, तपास करणाऱ्या पोर्फिरीचं फर्निचर पिवळ्या लाकडाचं, आणि पोलिस कचेरीत रास्कोल्निकोव्ह भोवळ येऊन पडतो तेव्हा त्याच्यापुढे धरलेला पेलाही पिवळा आणि आतलं पाणीही. आता शोध टाका ‘झ्योल्तीय’. ‘यो’च्या भानगडीत काहीही सापडणार नाही किंवा फार थोडं सापडेल. टिंबं काढली तरी लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे बदललेली रूपं निसटतील. विद्यार्थ्यांना हा फटका बसू द्यावा, मग मूळ रूपाकडे वळवणारी साधनं दाखवावीत. मायस्टेम हा यांडेक्सचा प्रोग्रॅम प्रत्येक शब्दाचं कोशातलं रूप देतो. त्यात संदर्भ पाहून एकच अर्थ निवडण्याचा पर्याय चालू करून घ्यावा. पायथन ही संगणकभाषा वापरणाऱ्यांसाठी पायमॉर्फी आहे. त्याची दुसरी आवृत्ती पायथन ३.११ आणि पुढच्यांवर बसवली की चालताना अडते, कारण तिला लागणारं एक जुनं फंक्शन पायथनमधून काढून टाकलं गेलं, म्हणून तिसरी आवृत्ती घ्यावी. पायमॉर्फी शेजारचे शब्द बघत नाही. ‘स्ताली’ हे ‘झाले’ या क्रियापदाचं रूप आहे आणि पोलाद या नामाचंही, आणि ते नेहमी जास्त संभाव्य अर्थ निवडतं.

एवढं करूनही सोन्याच्या खोलीचा भिंतकागद निसटतो! कारण तिथे ‘पिवळसर’ असा वेगळा शब्द आहे, आणि रास्कोल्निकोव्हच्या खोलीत लघुत्वदर्शक रूप. कोशाच्या दृष्टीनं हे तीन स्वतंत्र शब्द आहेत. म्हणून इथे अँटकाँकमध्ये शब्दाच्या न बदलणाऱ्या मूळ भागाच्या दोन्ही बाजूंना तारका लावून शोध घ्यावा आणि मिळालेली यादी हातानं चाळावी. साधं साधन जास्त हुशार साधनापेक्षा इथे चांगलं काम करतं, ते का हे वर्गानं शोधून काढणं हाच या तासाचा गाभा.

व्होयांट टूल्स अनेकजण पहिलं दाखवतात, कारण ते ब्राउझरमध्ये चालतं आणि चित्रं देखणी काढतं. रशियनसाठी त्यात कच्चा मजकूर टाकू नका. एका शब्दाची दहा रूपं दहा शब्द म्हणून विखुरतात. आधी मायस्टेममधून काढलेली कोशरूपांची फाइल टाकावी. वगळायच्या शब्दांची रशियन यादी आपण स्वतः उघडून पाहावी, नाहीतर ज्याचा शोध घ्यायचा तोच शब्द तीत बसलेला असायचा.

पात्रांचं जाळं, म्हणजे कोण कोणाबरोबर येतं त्याचं चित्र, काढायचं असेल तर नावांची सारणी आधी. रोदिओन रोमानोविच, रोद्या, रास्कोल्निकोव्ह हा एकच माणूस. दुन्या, दुनेच्का, अव्दोत्या रोमानोव्हना ही एकच बहीण. सोन्या आणि सोफ्या सेम्योनोव्हना एकच. उलट बाजूनं, नुसतं ‘पेत्रोविच’ शोधलं तर तीन वेगळी माणसं एका ढिगात पडतात: तपास करणारा पोर्फिरी पेत्रोविच, दुन्याशी लग्न ठरलेला प्योत्र पेत्रोविच लुझिन आणि पोलिस कचेरीतला तापट इल्या पेत्रोविच. पोर्फिरीला तर कादंबरीभर आडनावच नाही. नावं आपोआप ओळखणारी साधनं इथे हमखास घोळ घालतात. पंचवीस पात्रांची सारणी हातानं करावी: एका स्तंभात ठरवलेलं नाव, पुढे त्याची सगळी रूपं. मग दोन पात्रं एकाच परिच्छेदात आली तर रेघ जोडायची. प्रकरण हे एकक धरलं तर सगळेच सगळ्यांशी जोडले जातात. आणि ‘तो’, ‘ती’ ही सर्वनामं या मोजणीत येत नाहीत, हे अहवालात लिहायला लावा. रास्कोल्निकोव्ह कित्येक पानं नुसता ‘तो’ असतो.

नाटकांसाठी ही मेहनत वाचते. ड्राकोर या खुल्या संग्रहाच्या रशियन विभागात दोनशेहून जास्त नाटकं आहेत, कोण बोलतं ते आधीच चिन्हांकित आहे आणि जाळं एका टिचकीत दिसतं. पण एक सापळा आहे. तिथे एकाच प्रवेशात बोलणारी पात्रं जोडलेली धरतात. गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’मध्ये पात्र आलं-गेलं की नवा प्रवेश सुरू होतो. चेखव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये चार अंक आहेत आणि प्रवेश नाहीतच, म्हणून अख्ख्या अंकातली सगळी पात्रं एकमेकांशी जोडली जातात. ‘चेखव्हची माणसं एकमेकांशी घट्ट बांधलेली आहेत’ असा निष्कर्ष त्या चित्रावरून काढला तर तो साफ उलटा ठरेल. ती माणसं एका खोलीत असून एकमेकांचं ऐकत नाहीत, हीच तर त्या नाटकाची व्यथा.

नकाशाचा तास विद्यार्थ्यांना आवडतो. कादंबरी सेंट पीटर्सबर्ग शहरात घडते. लेखकानं रस्त्यांची नावं अर्धवट लिहिली आहेत, पहिल्याच वाक्यात ‘एस’ गल्ली आणि ‘के’ पूल. अभ्यासक त्यांना स्तोल्यार्नी गल्ली आणि कोकुश्किन पूल मानतात. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित यूमॅपमध्ये ठिकाणं टाकता येतात. कादंबरीत नुसता ‘कालवा’ म्हणून येतो तो तेव्हाचा येकातेरिनिन्स्की कालवा, १९२३ पासून ग्रिबोयेदोव्ह कालवा, त्यामुळे आजच्या नकाशात जुन्या नावानं शोधून काही मिळत नाही. घरापासून सावकारिणीच्या दारापर्यंत बरोबर ७३० पावलं असं लेखक सांगतो. पाऊल ७० ते ७५ सेंटिमीटर धरलं तर अंतर ५११ ते ५४८ मीटर भरतं. मानलेल्या घरांमधलं अंतर वेगवेगळ्या रस्त्यांनी मोजायला लावा. ती घरं अभ्यासकांच्या अंदाजानं ठरली आहेत, म्हणून नकाशावर ‘लेखकानं नाव दिलेलं’ आणि ‘अभ्यासकांनी मानलेलं’ असे दोन रंग असलेच पाहिजेत.

पद्य शिकवायचं असेल तर एका तासात संगणकाशिवायही काम होतं. आंद्रेइ मार्कोव्ह या गणितज्ञानं १९१३ मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ची पहिली २०,००० अक्षरं मोजली. त्यात ८,६३८ स्वर निघाले, बाकी व्यंजनं, आणि एका अक्षरावरून पुढचं किती सांगता येतं याचं गणित त्यानं त्यावर उभं केलं. विद्यार्थ्यांनी एक कडवं हातानं मोजावं आणि उरलेलं स्प्रेडशीटला द्यावं. वृत्तानुसार शोध घ्यायचा तर रशियन भाषेच्या राष्ट्रीय भाषासंग्रहात कवितांचा स्वतंत्र विभाग आहे.

शैलीवरून लेखक ओळखण्याचं तंत्र, म्हणजे आर या संगणकभाषेतलं ‘स्टायलो’, पहिल्या सत्रात घेऊ नये. त्याला दर नमुन्यात निदान ५,००० शब्द लागतात आणि अनुवादांवर चालवलं तर लेखकाइतकीच अनुवादकाचीही सही उमटते. ‘युद्ध आणि शांती’वर तर आधी फ्रेंच संवाद आणि त्यांच्या तळटीपेतले रशियन अनुवाद वेगळे काढले नाहीत तर तोच आशय दोनदा मोजला जातो.

राहिला प्रश्न संवाद साधणाऱ्या एआयचा. सिरिलिक उतारा सोप्या मराठीत समजून घ्यायला किंवा व्याकरणाचं रूप ओळखायला तो उपयोगी आहे. अवतरणासाठी त्याच्यावर अजिबात विसंबू नये. यासाठी एक चांगला स्वाध्याय आहे. ‘सौंदर्य जगाला वाचवील’ हे वाक्य दस्तयेव्हस्कीच्या ‘इडियट’मध्ये शोधायला सांगा. ते ज्या क्रमानं सगळीकडे उद्धृत होतं त्या क्रमानं शोधल्यास तिथे सापडत नाही. ‘वाचवील’ आणि ‘सौंदर्य’ हे शब्द जवळजवळ असण्याची अट घातली की तिसऱ्या भागाचं पाचवं प्रकरण पुढे येतं, आणि तिथे हे विधान कादंबरीचा नायक मिश्किन याच्या तोंडी नाहीच. क्षयानं मरणासन्न इप्पोलित त्याला विचारतो आहे की, तुम्ही असं एकदा म्हणाला होता हे खरं का. ‘आम्ही सारे गोगोलच्या ओव्हरकोटातून बाहेर आलो’ हे दुसरं वाक्य दस्तयेव्हस्कीच्या लेखनात कुठेच नाही. ते व्होग्युए या फ्रेंच समीक्षकाच्या १८८६ च्या पुस्तकातून पसरलं. विद्यार्थ्यांच्या निबंधातलं प्रत्येक अवतरण या पद्धतीनं शोधून, खंड आणि पृष्ठासह द्यायला लावावं. न सापडलेलं अवतरण निबंधात घेऊ देऊ नये.